एकसष्ट कोरडे फॉर्म

"तीन वादळं, तीन रकाने, एक पान," साहेब म्हणाले. "एवढंच काम आहे, बाई. गुरुवारी चारपर्यंत माझ्या टेबलावर पाहिजे."

"पान आडवं की उभं?" मी विचारलं.

साहेबांनी मान वर करून पाहिलं. त्यांना तो टोमणा वाटला असावा. टोमणा नव्हता तो. चौतीस वर्षं कागद सांभाळणाऱ्या बाईला पहिल्यांदा हाच प्रश्न सुचतो. साहेब वयानं माझ्या धाकट्या भावाच्या मुलाएवढे. हुशार, नीटनेटके, कुणावर आवाज न चढवणारे. त्यांच्यावर राग काढावा असं त्यांच्यात काही नव्हतं, आणि तोच खरा त्रास होता.

"आडवं," ते म्हणाले.

आमचं आपत्ती कार्यालय. तळमजल्यावर आवक-जावक, वरच्या मजल्यावर साहेब, आणि मागच्या बाजूला, जिन्याखालून वाकून जावं लागतं त्या खोलीत, मी आणि माझे गठ्ठे. मला सगळे गठ्ठेबाई म्हणतात. समोर नाही म्हणत, पण भिंती पातळ आहेत. निवृत्तीला एक महिना उरला होता. शिपाई रोज सकाळी कपाटाच्या दारावर खडूनं उरलेले दिवस लिहायचा आणि मी रोज ते पुसायचे.

काम असं होतं. किनाऱ्यावर तीन निवारे बांधायचे होते. उंच खांबांवरच्या भक्कम इमारती, प्रत्येकीत पाचशे माणसं मावतील अशा. वादळ आलं की लोकांनी तिथं जाऊन बसायचं. कुठं बांधायच्या, यावर भांडणं नकोत म्हणून मुख्य कार्यालयानं एक नियम काढला. गेल्या चाळीस वर्षांतली तीन मोठी वादळं घ्यायची. त्यांची ताकद, त्यांनी घेतलेले बळी आणि त्यांनी केलेलं नुकसान असे तीन रकाने मांडायचे. ज्या रकान्यात जे वादळ पहिलं येईल, त्याच्या तडाख्यातल्या भागाला एक इमारत. ज्यानं हा नियम काढला त्याला शाळेत बक्षीससमारंभ फार आवडत असणार.

तिन्ही वादळं मी पाहिलेली. लोकांनी त्यांना आपापली नावं दिली होती. पहिलं पत्र्याचं. उत्तर किनाऱ्यावर आलं, वारा ताशी दोनशे पाच किलोमीटर. पत्रे कागदासारखे उडाले आणि त्या पत्र्यांनीच माणसं कापली. मृत चौऱ्याहत्तर, नुकसान नव्वद कोटी. शेवटचं काचेचं. बंदरावर आलं, वारा एकशे साठ, मृत नऊ. पण बंदरावरच्या नव्या उंच इमारतींच्या सगळ्या काचा फुटल्या, क्रेन आडव्या झाल्या, गोदामं भिजली. नुकसान अकराशे कोटी. त्याच्यावर वर्तमानपत्रांनी महिनाभर लिहिलं.

आणि मधलं, पाण्याचं. सत्तावीस वर्षांपूर्वीचं, खाडीकाठच्या वस्तीवरचं. वारा एकशे दहा. मृत एकसष्ट. नुकसान चार कोटी.

वारा एकशे दहा का, तर वाऱ्याचं यंत्र टेकडीवर आणि माणसं खाली. वाऱ्यानं तिथं काही केलंच नाही. भरतीची वेळ साधून समुद्र खाडीत शिरला आणि दीड माणूस उंचीचं पाणी वस्तीवरून गेलं. पाणी मोजायला रकाना नाही. आणि चार कोटी का, तर ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांचं काही गेलं नाही, असा हा हिशेब. झोपडीची किंमत शून्य, होडीची अर्धी, जाळ्याची विचारूच नका. बंदरावरच्या एका लिफ्टच्या किमतीत आख्खी खाडी बसत होती.

म्हणजे पत्र्याचं वादळ ताकदीत पहिलं, बळींतही पहिलं. उत्तर किनाऱ्याला दोन इमारती. काचेचं नुकसानीत पहिलं, बंदराला एक. खाडीकाठाला काही नाही. कुठल्याच रकान्यात पहिलं न येणं हाच काय तो खाडीकाठाचा गुन्हा.

मी तक्ता आखला, आकडे भरले. मग सवयीप्रमाणे आकडे मूळ कागदांशी पडताळायला उठले. ही माझी सवय. साहेब म्हणतात, वेळ जातो. जातोच.

पाण्याच्या वादळाचा गठ्ठा सगळ्यात खालच्या फळीवर होता. दोरी सोडली तर धूळ नाही, बुरशीचा वास आला. मृत्यूनोंदीचे फॉर्म. मोजले. एकसष्ट. बरोबर. परत बांधणार तेवढ्यात सगळ्यात वरचा फॉर्म हातातून निसटून पालथा पडला.

मागच्या बाजूला चार नावं होती. निळ्या शाईत, बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात. अक्षर माझं होतं.

मी खाली बसले. दुसरा फॉर्म उलटा केला. तीन नावं. तिसऱ्यावर एक. चौथ्यावर सहा. एकसष्टही फॉर्म उलटे करून होईपर्यंत जेवणाची सुट्टी संपून गेली होती. मागच्या बाजूला एकूण एकशे एक्कावन्न नावं होती. पुढच्या एकसष्ट धरून दोनशे बारा.

मग सगळं आठवलं. विसरले होते असं नाही. माळ्यावर टाकलेलं सामान असतं तसं होतं ते.

वादळानंतर चौथ्या दिवशी मला होडीतून तिकडं पाठवलं. बरोबर शंभर कोरे फॉर्म. वाटेत होडीत पाणी आलं आणि खालचे एकोणचाळीस फॉर्म भिजून लगदा झाले. उरले एकसष्ट. वस्तीत पोचले तर लोक रांगेत उभे. फॉर्मवर ठळक छापलेलं, 'एका फॉर्मवर एकाच मृताची नोंद करावी.' फॉर्म संपले तर परत जायचं, नवे आणायचे, म्हणजे आणखी दोन दिवस. तोवर कोण कुठं पांगेल सांगता येत नव्हतं. म्हणून मी माझं डोकं चालवलं. एका घराला एक फॉर्म. घरातलं थोरलं माणूस पुढच्या बाजूला, बाकीचे मागं. गठ्ठ्यावर 'मागील बाजू पाहावी' अशी चिठ्ठी लावायची होती. परत आल्या आल्या मला ताप भरला. दीड महिना अंथरुणावर. गठ्ठा वर गेला, चिठ्ठी गेली नाही. उठून कामावर आले तेव्हा माझी बदली बांधकाम-परवान्यांकडे झाली होती.

वर कुणीतरी फॉर्म मोजले. एकसष्ट. खाडीत किती माणसं मेली, तर जितके फॉर्म कोरडे राहिले तितकी.

हा आकडा मी तेव्हा वर्तमानपत्रात वाचला होता. मनात आलं, एवढे कसे? मग आलं, ज्यांची प्रेतं सापडली तेवढे धरले असतील. वरच्यांना जास्त कळतं. मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारावंसं वाटलं नाही. परवान्यांच्या टेबलाला पंखा होता.

पण त्याहून वाईट गोष्ट पुढं आहे. खाडीकाठाहून एक बाई दर वर्षी अर्ज घेऊन यायची. पैलतीरावर होडी घालते ती, म्हणून सगळे तिला होडीवाली म्हणतात. मृतांचा आकडा चुकला आहे, दुरुस्त करावा, एवढाच तिचा अर्ज. मी रेकॉर्डला आल्यापासून त्याला उत्तर मी देत होते. 'अभिलेखानुसार मृतांची संख्या एकसष्ट आहे.' अकरा वर्षं तेच वाक्य. एकदा ती समोर बसून म्हणाली, "बाई, दोनशेच्या वर गेली हो माणसं." आणि मी, या तोंडानं, तिला म्हणाले, "दुःखात आकडा वाढतो, ताई. होतं असं." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझा कळसा माझ्या खुर्चीमागच्या फळीवर होता, आणि वळसा ती घालत होती.

मंगळवारी सकाळी मी गठ्ठा घेऊन साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. लपवलं काही नाही. साहेबांनी पाच-सहा फॉर्म उलटे करून पाहिले आणि नीट रचून ठेवले.

"बाई, हा आकडा सत्तावीस वर्षं सगळीकडे छापलेला आहे."

"चुकीचा छापलाय."

"उत्तरेला दोन इमारती जाहीर झाल्यासारख्याच आहेत. लोकांनी पेढीवर, दुकानांत आभाराच्या पाट्या लावल्यात."

"पाट्या काढता येतात."

ते थोडं हसले. "असं बघा. नियम काय आहे? एका फॉर्मवर एक मृत. मागच्या बाजूला लिहिलेलं धरता येत नाही. कार्यालय फॉर्म मोजतं, बाई. नावं नाही मोजत."

"पण नावं आहेत ना. ही बघा. माझ्याच हातची."

"तेच तर म्हणतोय मी. तुमच्याच हातची." त्यांनी आवाज खाली आणला. "चूक कुणाची निघेल? एक महिना राहिलाय. चौकशी लागली तर निवृत्तिवेतन अडकून पडेल, दोन वर्षं, तीन वर्षं. कशाला आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेताय? तक्ता तयार आहे ना? तसाच द्या."

माणूस भल्यासाठी सांगत होता. मी गठ्ठा उचलला आणि खाली आले. मला संताप आला होता. साहेबांचा थोडा, आणि बाकी सगळा त्या निळ्या शाईवाल्या शहाण्या बाईचा.

घरी नवरा खिडकीशी बसून चपलेला शिवण मारत होता. तीस वर्षं बसवर कंडक्टर होता. निवृत्त झाल्यापासून घरातली एकही वस्तू तो टाकू देत नाही. मी सगळं सांगितलं. त्यानं सुई थांबवली नाही.

"कार्यालय फॉर्म मोजतं, नावं नाही, असं म्हणाले?" त्यानं विचारलं.

"हो."

"म्हणजे नवशिका कंडक्टर. तिकिटं मोजतो." दोरा दातानं तोडून तो म्हणाला, "एका तिकिटावर आईबाप, तीन पोरं बसलेली असतात. तपासनीस चढला की तिकिटं बघतो, पण बस घाटात जायच्या आधी आम्ही डोकी मोजायचो. कुणी खाली राहिलं तर तिकीट काय करणार?"

"मग मी काय करू? साहेब मागची बाजू बघायला तयार नाहीत."

"फॉर्म मोजतात ना ते? मग दे की फॉर्म."

मी त्याच्याकडे पाहत राहिले. चौतीस वर्षं मी कार्यालयात घालवली आणि अक्कल बसच्या पायरीवरून यावी.

नियमांचं पुस्तक मला पाठ आहे. तरी बुधवारी सकाळी लवकर जाऊन पान काढून वाचलं. मृत्यूची नोंद करायला मुदत नाही. राहिलेली नोंद नव्या फॉर्मवर करता येते, त्यावर नातेवाइकाची सही हवी, आणि मूळ नोंद ज्यानं घेतली त्या कर्मचाऱ्याची सही हवी. तो कर्मचारी सेवेत असला पाहिजे. एवढं वाचून मी पुस्तक मिटलं. महिनाभरानं जगातलं कुणीच ही सही करू शकणार नव्हतं. साहेबांचा मुक्काम संपायचा, दुसरे यायचे, गठ्ठा बुरशीत जायचा, आणि होडीवालीला कुणीतरी नवं माणूस तेच वाक्य लिहून पाठवायचं.

कोऱ्या फॉर्मांचं कपाट माझ्याच ताब्यात. दोनशे मोजून घेतले, रजिस्टरात तसं लिहिलं, आणि या वेळी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट बांधले. रजेचा अर्ज ठेवला. कारण, वैयक्तिक. दारात नवरा जुनी कंडक्टरची पिशवी खांद्याला लावून उभा. "डोकी मोजायला माणूस लागेल," म्हणाला.

होडीवाली धक्क्यावरच भेटली. होडीतलं पाणी डब्यानं उपसत होती. माझ्याच वयाची, पण दंड लोखंडी. मला बघून तिनं डबा खाली ठेवला नाही.

"बाई, यंदाचा अर्ज मी दिला नाही अजून."

"मी उत्तर घेऊन आले," मी म्हणाले.

मग तिथंच उन्हात उभं राहून सांगितलं. भिजलेले फॉर्म, मागची बाजू, ताप, चिठ्ठी. वाटेत मी बरीच वाक्यं जुळवली होती. एकही उपयोगी पडलं नाही. शेवटी म्हणाले, "तुम्ही वाढवून सांगत नव्हता. चूक माझी होती. आणि वर मी तुम्हालाच खोटं ठरवलं."

तिनं डब्यातलं पाणी खाडीत ओतलं. पुन्हा भरलं. पुन्हा ओतलं. नवरा दुसरीकडे बघत उभा राहिला.

"तुमच्या कार्यालयात माझी एकटी सासू मेलीय," ती अखेर म्हणाली. "दोन पोरं, जाऊ, जावेची तान्ही, ती सगळी कागदावर जिवंत. मला किती वेळा वाटायचं, येऊन विचारावं, जिवंत आहेत ना, मग धाडा की घरी."

मला रडूही आलं नाही. रडायचा हक्क तिचा होता, माझा नव्हता.

"आज काय करायचंय?" तिनं विचारलं.

"एका माणसाला एक फॉर्म. एकशे एक्कावन्न."

तिनं डबा ठेवला, पदराला हात पुसले, आणि हात पुढं केला. मी एक कोरा फॉर्म दिला. तिनं तो पुढून पाहिला, मग उलटा केला. मागची बाजू पांढरी होती.

"मागं काही लिहायचं नाही ना?"

"नाही."

"मग चला."

वस्तीतली सगळ्यात उंच जागा म्हणजे मासळीच्या लिलावाचा ओटा. चार पायऱ्या. पाणी आलं तेव्हा लोक यावरच चढले होते, आणि ओट्याच्या छताच्या वाशावर पाण्याची रेघ अजून दिसते. त्या रेघेखाली टेबल मांडलं. होडीवालीनं दोन पोरींना घराघरांत पिटाळलं. तासाभरात ओटा भरला. काही जण शहरातून आले, काहींनी फोनवरून निरोप दिले आणि चुलतभावांना सहीला पाठवलं.

सगळे गोड बोलले असं नाही. एक म्हातारा काठी आपटत म्हणाला, "सत्तावीस वर्षांनी जाग आली? बैल गेला नि झोपा केला."

"खरंय, काका," मी म्हणाले. "पण झोपा अजून बांधलेला नाही. त्याच्याचसाठी आलेय. पुढचं वादळ यायचंय."

तो गुरगुरला. पण रांगेत उभा राहिला. त्याचे पाच फॉर्म होते. सही करताना त्यानं प्रत्येक नाव मला मोठ्यानं वाचायला लावलं आणि प्रत्येक नावाला "हां" म्हणाला, हजेरीला उत्तर द्यावं तसं.

जुन्या फॉर्मच्या मागचं नाव वाचायचं, नव्यावर पुढं लिहायचं, नातेवाइकाची सही, माझी सही. नवरा शेजारी बसून पेन्सिलीनं रेघा मारत होता, पाचाची एक आडवी, आणि मधूनच म्हणत होता, "त्र्याऐंशी. पुढं सरका." बोटं आखडली की होडीवाली माझ्या हातातून पेन काढून घ्यायची, दोन मिनिटांनी परत द्यायची. एका रकान्याला मी दर वेळी अडत होते. 'मृताच्या मालमत्तेचे नुकसान.' एका बाईनं विचारलं, "माझ्या भावाकडं नवी वल्ही होती. आदल्याच दिवशी तासून आणलेली. ती लिहिता येतील?" मी लिहिली. किंमत काय, असं मी विचारलं नाही. लोकांनी ऐकलं आणि मग प्रत्येकाला काही ना काही आठवायला लागलं. शाळेचं दप्तर. शिलाई मशीन, अर्धे हप्ते फेडलेलं. एक जोडी पैंजण. चार कोटींच्या त्या रकान्यात यातलं काही नव्हतं.

दुपार कलली तेव्हा शेवटचे चार उरले. होडीवालीनं आपले फॉर्म मुद्दाम शेवटी ठेवले होते. दोन्ही मुलांच्या फॉर्मवर तिनं सही केली. जावेच्या केली. चौथ्यापाशी मी थांबले. जुन्या फॉर्मवर मी लिहिलं होतं, 'एक तान्ही.' नव्या फॉर्ममध्ये पहिलाच रकाना नावाचा.

"नाव ठेवलं होतं?" मी विचारलं.

"आठ दिवसांची तर होती. जाऊ म्हणायची, घाई काय आहे." ती वाशावरच्या रेघेकडे बघत राहिली. "पण मी मनातल्या मनात एक हाक मारायची तिला. कुणाला सांगितलं नव्हतं. जावेला राग आला असता, तिची पोर."

"तेच लिहू?"

तिनं वाकून माझ्या कानात नाव सांगितलं. मी लिहिलं. तिनं ते वाचलं, दोनदा, आणि मग सही केली. नवऱ्यानं शेवटची रेघ मारली आणि पेन्सिल कानामागं खोचली.

गुरुवारी दहा वाजता मी आवक टेबलापुढं रांगेत उभी राहिले, बाहेरच्या माणसासारखी. आमच्याकडे एक गोष्ट बरी आहे. आवक शिक्का बसलेला कागद कुणाला फाडता येत नाही, हरवता येत नाही. त्याचं काय केलं ते लिहावं लागतं. आवकवाल्या बाईनं गठ्ठा बघितला आणि चष्मा पुसला.

"गठ्ठ्याला एक नंबर देऊ?"

"नाही. एका फॉर्मला एक."

"अहो, एकशे एक्कावन्न वेळा शिक्का?"

"मी शाई आणून देते."

ठप, ठप, ठप. पन्नासाच्या आसपास वरच्या मजल्यावरून लोक जिन्यात येऊन वाकून बघायला लागले. शंभराच्या पुढं साहेब स्वतः खाली आले.

"बाई, हे काय चाललंय?"

"फॉर्म आहेत, साहेब. कार्यालय फॉर्म मोजतं असं तुम्हीच म्हणालात. मोजा."

"मी तुम्हाला समजावलं होतं."

"समजलं होतं मला. म्हणूनच तर आणले."

त्यांनी वरचा फॉर्म घेतला, नातेवाइकाची सही पाहिली, माझी सही पाहिली, तारीख पाहिली. चूक सापडावी अशी त्यांची इच्छा दिसत होती. पण फॉर्म भरण्यात मी चूक करत नाही. एकदा केली होती.

"यावर सही करून तुम्ही लिहून दिलंय की सत्तावीस वर्षांपूर्वीचा निष्काळजीपणा तुमचा होता," ते हळू म्हणाले. "मला चौकशी लावावी लागेल. माझ्या हातात राहणार नाही ते. कळतंय ना?"

"लावा. माझं पोट माझ्या नवऱ्याच्या पेन्शनवर भरेल, तो चपला शिवून शिवून घालतो. पण साहेब, खाडीकाठी पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर दोन हात आहे. काल बघून आले. एकदा जाऊन बघा. तिथली माणसं चार पायऱ्यांच्या ओट्यावर चढून बसतात, आणि तुम्ही उत्तरेला दुसरी इमारत देताय, पहिलीच्या शेजारी."

सगळे ऐकत होते. मी यापूर्वी कार्यालयात एवढं लांब वाक्य बोलले नव्हते. साहेबांनी फॉर्म ठेवला. खुर्ची ओढली आणि तिथंच, आवकच्या टेबलाशी बसून, एकेक फॉर्म मोजायला लागले. मध्ये कुणीतरी बोललं तेव्हा चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्याबद्दल मला ते आवडले, हे सांगायला हवं. मोजून झाल्यावर बराच वेळ ते शेवटच्या फॉर्मकडे बघत होते, ज्यात वयाच्या रकान्यात आठ दिवस लिहिलं होतं.

चार वाजता मी तक्ता त्यांच्या टेबलावर ठेवला. आडवं पान. पाण्याचं वादळ, वारा एकशे दहा, मृत दोनशे बारा. नुकसानीच्या रकान्यात चार कोटींपुढं मी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सोबतचे फॉर्म पाहावेत.' साहेबांनी वाचलं. खोडलं नाही. सही केली.

मग ड्रॉवरमधून दुसरा कागद काढून माझ्यापुढं सरकवला. तो त्यांनी आधीच टाइप करून ठेवला होता. चौकशी सुरू करण्यात येत आहे, निवृत्तीचे लाभ निर्णय होईपर्यंत थांबवण्यात येत आहेत, सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. एक प्रत मुख्य कार्यालयाला. शिपायानं तक्त्याचं पाकीट आणि त्या प्रतीचं पाकीट एकाच पिशवीत घातलं आणि पायऱ्या उतरत गेला. त्या दिवशी कपाटावर त्यानं खडूनं काही लिहिलं नव्हतं.

"सात दिवस आहेत," साहेब म्हणाले. "सावकाश लिहा."

"आत्ताच लिहिते."

जिन्याखालून वाकून मी माझ्या खोलीत आले. दिवा लावला, निळं पेन घेतलं, कोरा कागद समोर ठेवला. होडी, पाणी, एकोणचाळीस भिजलेले, एकसष्ट कोरडे, रांगेतली माणसं, अकरा वर्षं दिलेली उत्तरं. जे झालं ते जसंच्या तसं लिहीत गेले. कागद खालपर्यंत भरला आणि अजून सांगायचं बरंच उरलं होतं.

मी उठले, कपाट उघडलं आणि दुसरा कागद घेतला.